घरी काय आणलं?

सोमवारी सकाळचा चहा झाला की माझा हात अजूनही दाराजवळच्या खुंटीकडे जातो. तिथे मोटारसायकलची किल्ली असायची. आता छत्री असते. मोटारसायकल पुतण्या घेऊन गेला, आणि निवृत्त पाळकाला सोमवारी कुठे जायचं नसतं. तरी हात जातो, छत्रीला लागतो, आणि मी उगाच ती छत्री झटकून परत टांगतो.

पाळक म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, कारण दिवाळीचा हा अंक वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची आमच्याशी ओळख नाताळच्या केकपुरती असते. ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चच्या लोकांची, रविवारची उपासना चालवणारा, लग्नं लावणारा, मेलेल्याला माती देणारा माणूस म्हणजे पाळक. हिंगणघाटात मला सगळे ‘फादर’ म्हणत. मी सांगायचो, अहो, फादर लग्न करत नाहीत, मला बायको आहे, आणि तीही तुमच्याच जिल्ह्यातली आहे. लोक म्हणायचे, बरं फादर. पुढे मी सांगणं सोडून दिलं.

मी मूळचा नगरकडचा. नेमणूक झाली म्हणून इकडे आलो, सुमनशी लग्न झालं म्हणून इकडचा झालो. ती आंजीची. तिची बोली मला शेवटपर्यंत बोलता आली नाही. मी ‘मले’ म्हटलं की ती तोंडाला पदर लावून हसायची. आता घरात कोणी हसत नाही, त्यामुळे मी आपला नगरचाच राहिलो आहे.

संपादकांनी कामाबद्दल लिहा म्हटलं, तर आमच्या कामातली बाहेरच्यांना न दिसणारी गोष्ट सांगतो. पाळकाने उपदेश करायचा असतो, तसा दुसऱ्याचा उपदेश पारखायचाही असतो. आमच्याकडे बाहेरून उपदेशक येतात. नागपूरहून येतात, तेलंगणातून येतात, थेट केरळातूनही येतात. काहींना मंडळी पाठवते, काही स्वतःच निघालेले असतात. त्यांच्यातला कोणाला मंडळीसमोर उभं करायचं आणि कोणाला चहा पाजून एसटीत बसवून द्यायचं, हे पाळकाने ठरवायचं. खोटी शिकवण ओळखणं हे आमच्या नोकरीतलं पहाऱ्याचं काम.

लोकांना वाटतं, खोटा उपदेशक म्हणजे खोटं बोलणारा माणूस. तसं असतं तर पहारा सोपा झाला असता. तो बोलतो ते जवळजवळ सगळं खरं असतं. हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी आली की व्यापारी वरचा कापूस बघत नाही. तो कोपरापर्यंत हात आत घालतो आणि मधला कापूस बाहेर काढून मुठीत दाबतो, कारण ओल असली तर ती मध्येच असते. उपदेशाचंही तसंच आहे. आमची अडचण एवढीच की हात कुठे घालायचा ते कळत नाही.

मला मात्र बरीच वर्षं वाटत होतं की ते मला कळतं. पाहुण्या उपदेशकाला मी शनिवारी घरी जेवायला बोलवायचो. सुमन गोळाभात करायची. भात पोटात गेला की माणूस मोकळा होतो, हा अनुभव. मग मी विचारायचो. ख्रिस्त कोण, हे सांगा. क्रुसावर जे झालं ते पुरेसं होतं की तुमच्या मते आणखी काही लागतं, ते सांगा. आणि शेवटी हात धुताना, टॉवेल देता देता विचारायचो की भाऊ, तुमचं चुकलं तर तुम्हाला कोण सांगतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सगळे पाठ करून येत. तिसऱ्याला अडखळत. ‘मला देव थेट सांगतो’ असं ज्याने म्हटलं, त्याला मी दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावर बसवलं.

नमुने एकेक भेटले. एक जण स्वर्गात जाऊन आला होता. त्याने तिथल्या फरशीपासून वर्णन सुरू केलं, तेव्हा आमच्या मंडळीच्या पंचांपैकी एका म्हाताऱ्यांनी अगदी आदराने विचारलं की तिकडे लाईन जाते का. एक जण माणसांवर फुंकर घालून त्यांना आडवं पाडायचा, आणि पडणाऱ्यांना झेलायला स्वतःची दोन माणसं घेऊन आला होता. मी त्याला म्हटलं, पवित्र आत्मा पाडणार असेल तर तोच सांभाळून पाडेल, या दोघांना आपण बाहेर चहा देऊ. त्या रविवारी कोणी पडलं नाही. अशा वेळी मला स्वतःचा जरा अभिमानच वाटायचा, खोटं कशाला बोलू.

सुमन माझ्या या परीक्षेला ‘तुमचं तपासणी नाकं’ म्हणायची. तिची रीत वेगळी होती. ती रीत तिची एकटीची नव्हे, आमच्या मंडळीची जुनी होती. रविवारी जो उपदेश झाला, त्याची विचारपूस सोमवारी घरोघर जाऊन करायची. जुन्या काळातल्या बायबलबाया, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र शिकवणाऱ्या बाया, पायी फिरून हे करत. त्या गेल्या आणि रीत मोडायला आली, तेव्हा सुमनने ती उचलली. पाळकाला सोमवारी सुट्टी असते हे मी तिला लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. ती म्हणाली, मंग गाडी चालवाले मोकळेच हाय तुमी.

म्हणून दर सोमवारी आम्ही निघायचो. हिंगणघाटातली घरं झाली की वडनेर, नाहीतर अल्लीपूर. आमची माणसं थोडी आणि विखुरलेली. एका गावात दोन घरं, दुसऱ्या गावात एकच. प्रत्येक घरी सुमन खाली चटईवर बसायची, हाताला लागेल ते काम घ्यायची, शेंगा सोलायची, तूर निवडायची, आणि विचारायची, “काल काय ऐकलं?” लोक सांगत. अर्धवट, उलटसुलट, मध्येच स्वतःचं घालून सांगत. मी जीव तोडून केलेल्या उपदेशातलं एकच उदाहरण राहिलेलं असायचं, तेही बहुतेक बैलाचं. मग ती दुसरा प्रश्न विचारायची, “अन् घरी काय आणलं?” म्हणजे त्या ऐकण्यातून तुझ्या हाती काय लागलं. इथे माणसं थांबत आणि विचार करून बोलत. एखादीचं उत्तर ऐकून सुमनच्या कपाळाला आठी पडली तर ती तिसरा प्रश्न विचारायची, अगदी हळू, “हे कोणी सांगितलं तुले?”

एवढंच. तिने कधी कोणाचा उपदेश खोडून काढला नाही. ती म्हणायची की उपदेश उभा असतो तेव्हा छान दिसतो, तो घरी येऊन बसला की समजतो.

एकदा चंद्रपूरकडून एक म्हातारे उपदेशक आले. माझ्या शनिवारच्या परीक्षेत साफ नापास. तिन्ही प्रश्नांवर ‘मले येवढं नाई समजत जी’ असं म्हणाले, आणि भात मात्र दोनदा घेतला. रविवारी अडखळत बोलले, एका गोष्टीत दुसरी मिसळली, राजाचं नाव संदेष्ट्याला दिलं. मी शरमेने जमिनीकडे बघत बसलो होतो. सोमवारी वडनेरला एक सून, जी सासूशी वर्षभर बोलत नव्हती, ती सासूच्या डोक्याला तेल लावत बसलेली दिसली. सुमनने विचारलं, घरी काय आणलं? सून म्हणाली, ते बाबा म्हणत होते का देव आपल्याले सहन करते, त मी म्हटलं एवढं त मलेही जमन. परत येताना सुमन मागच्या सीटवर काहीच बोलली नाही. तिचं न बोलणं माझ्या पाठीला नीट ऐकू येत होतं.

हे सगळं सांगायचं कारण रत्नमाला. अल्लीपूरची. नवरा लवकर गेला, घरी शिलाई मशीन, ब्लाऊज शिवून ती आणि तिची मुलगी रूथ राहत. आमच्या मंडळीत भजनाची पहिली ओळ रत्नमालेची असायची. हातात खंजिरी घेऊन ती उभी राहिली की पेटीवाला सूर शोधत तिच्या मागे यायचा. मी माणूस रुक्ष, पण तिने पहिली ओळ म्हटली की उपदेशाचं अर्धं काम झालं असं मला वाटायचं. ती पहिली ओळ मी आजही कान देऊन ऐकतो. दुसरं कोणीतरी म्हणतं, चांगलं म्हणतं, पण मी ऐकतो ते वेगळंच.

रूथला लहानपणापासून फिट यायची. गोळ्या सुरू झाल्यापासून बंद होती. गोळ्यांचा डबा म्हणजे गोरसपाक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. तो मशीनच्या फळीवर असायचा. रोज एक गोळी, शाळा, गृहपाठ, आणि आईला काज-बटण करू लागणं. पोरगी दहावीत होती तेव्हाची गोष्ट.

त्या वर्षी हिंगणघाटात एक उपदेशक आला. त्याला सगळे ‘ब्रदर’ म्हणत. तरुण, पांढरे कपडे, हिंदीत बोलायचा आणि बोलताना डोळे भरून यायचे. माझ्याकडेही जेवला. तिसऱ्या प्रश्नावर तो इतकं छान हसला की मी टॉवेल द्यायचा विसरलो. आपल्या मंडळीत नको, असं मी सांगितलं. तो रागावला नाही. त्याने गावाबाहेरच्या मैदानावर मंडप टाकला, आणि आमची निम्मी मंडळी तिकडे गेली.

मीही गेलो. मागच्या खुर्चीवर बसलो, चुकीचं वाक्य पकडायचंच अशा तयारीने. एकही सापडलं नाही. त्याने काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं. प्रभू बरं करू शकतो की नाही? लोक म्हणाले, करू शकतो. त्याचं आपल्यावर प्रेम आहे की नाही? आहे. मग ज्याचा पूर्ण विश्वास आहे तो घरात कुबडी कशाला ठेवेल? एवढं विचारून तो गप्प बसला. गप्प बसलेल्या माणसाला मी काय पकडणार?

सोमवारी आम्ही अल्लीपूरला गेलो. रत्नमाला इतकी आनंदात होती की तिने दारातच सुमनला मिठी मारली. काल काय ऐकलं ते तिने एका दमात सांगितलं, अगदी जसंच्या तसं. सुमनने मशीनवरचा डबा सहज उघडला. आत बटणं होती.

“अन् घरी काय आणलं?” सुमनने विचारलं.

“सुटका आणली, बाई. रूथच्या गोळ्या बंद.”

“हे कोणी सांगितलं तुले?”

रत्नमाला म्हणाली, “कोणीच नाई सांगितलं. मलेच समजलं.”

मी मध्ये पडलो. शास्त्र माझ्या हातात होतं आणि अंगात राग होता. प्रेषितालाही एक दुखणं होतं, त्याने ते दूर करण्यासाठी प्रार्थना केली आणि ते दूर झालं नाही. सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचं चरित्र, लिहिणाऱ्यांत एक वैद्य होता. मी एकेक दाखला काढत गेलो. तिच्याकडेही दाखले होते, आणि ते तिला मीच शिकवले होते. शेवटी ती शांतपणे म्हणाली, “पाळकसाहेब, तुमचा विश्वास कमी पडते म्हणून तुमी मलेही मागं ओढून राह्यले काय?” मी उठलो आणि गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. सुमन मागून बऱ्याच वेळाने आली.

वाटेत ती म्हणाली, सापडलं. मी म्हटलं, काय? तिने रत्नमालेला एकच विचारलं होतं, अन् फिट आली तर? त्यावर रत्नमाला म्हणाली होती, त मंग माह्याच विश्वासात खोट.

मध्ये हात घातला की ओल लागते, ती ही. मी धर्मशास्त्राच्या शाळेत जे शिकलो ते सगळं चुकीचं नव्हतं, पण त्या दिवशी मोटारसायकलवर मला माझ्या कामाची खरी खूण कळली. ज्या शिकवणीत चांगलं झालं तर श्रेय उपदेशकाचं आणि वाईट झालं तर दोष आजाऱ्याचा, ती खोटी. मग तिचं एकेक वाक्य शास्त्रातलं का असेना. आणि ही खूण मंडपात दिसत नाही. ती सोमवारी, बटणांच्या डब्यात दिसते.

सुमन दुसऱ्या दिवशी एकटीच एसटीने गोळ्या घेऊन गेली. रत्नमालेने पाणी दिलं, पण गोळ्या घेतल्या नाहीत. त्याच आठवड्यात रूथ चहा करायला गॅसजवळ उभी होती आणि तिला फिट आली. उकळता चहा हातावर सांडला. शेजारचे बाबारावभाऊ, कापूसवाले शेतकरी, ओरडणं ऐकून धावले. त्यांनी मला फोन केला. मी म्हणालो, मी निघतो, तोवर प्रार्थना... त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. “पाळकसाहेब, देव तुमचा का आमचा ते मंग पाहू. मी पोरीले गाडीत टाकलं. तुमी सरळ दवाखान्यात या.”

पोरगी वाचली. गोळ्या परत सुरू झाल्या, फिट थांबली, उजव्या हातावर मनगटापासून वर एक गुलाबी डाग राहिला. डॉक्टर रत्नमालेला जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. ते बोलले त्यात त्यांची चूक नव्हती. रत्नमाला दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. तिने ब्रदरच्या माणसांना फोन लावला होता. त्यांनी सांगितलं होतं की आईच्या मनात शंका आली असेल. बस, एवढं सांगून फोन ठेवला होता.

माझ्या तोंडात त्या वेळी जे आलं ते पाळकाच्या तोंडी शोभणारं नव्हतं. सुमन मात्र खाली तिच्याजवळ बसली. रत्नमाला म्हणत होती, खोट माह्यातच निघाली बाई, माह्यातच. सुमन तिचा हात धरून म्हणाली, “तो तुह्या डोक्यावर ओझं ठेवून गेला, रत्ना. आपला प्रभू ओझं उचलाले आलता. हे ओझं त्याच्या घरचं नाई. ते बाहेर टाक. मी बसते तोवर.”

सुमन बसली. रूथला घरी सोडेपर्यंत रोज बसली. पण ते ओझं काही रत्नमालेने बाहेर टाकलं नाही. घरी गेल्यावर ती मंडळीत यायची बंद झाली. ब्रदरकडे गेली असती तर मी भांडलो असतो. ती कुठेच गेली नाही. मी बोलवायला गेलो तर म्हणाली, मी कोण्या तोंडानं गाऊ? रूथ मात्र रविवारी एकटी एसटीने यायची आणि बायकांच्या बाजूला आईची जागा धरून बसायची, जशी कोणी येणार आहे.

मी वाट बघितली. हे मी साधं सांगतो आहे, पण ते साधं नव्हतं. दर रविवारी पहिली ओळ सुरू व्हायच्या आधी माझी नजर दाराकडे जायची. पाळकाला सगळी मेंढरं सारखी असतात असं आम्ही शिकवतो. ते खरं आहे, पण जे हरवलेलं असतं त्याचा आवाज जास्त आठवतो.

सुमनने सोमवार सोडला नाही. ती रत्नमालेकडे जायची, मशीनजवळ बसायची, ब्लाऊजला हुक लावून द्यायची, इकडचं तिकडचं बोलायची. प्रश्न विचारायची नाही, कारण रविवार ऐकलेलाच नसायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, ती येत नाही, ऐकत नाही, मग तू कशाला जातेस? तेव्हा ती म्हणाली, “तिच्याकडं रविवार नाई, म्हणून सोमवारबी नको काय?”

मग माझ्या निवृत्तीची वेळ आली, आणि त्याच सुमारास सुमनचं दुखणं निघालं. पोटातलं होतं, उशिरा कळलं. तिने एकही गोळी, एकही सुई चुकवली नाही. तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, आणि मी प्रार्थना केली. मी आयुष्यभर लोकांसाठी प्रार्थना केली होती, त्यातल्या कितीतरी शब्दांना आता मला स्वतःच हात लावून बघावं लागत होतं. ती अंथरुणाला खिळली तेव्हा सोमवारी दुपारी दारात रत्नमाला उभी दिसली. आत आली, सुमनच्या पायाशी बसली आणि पाय चेपू लागली. पुढच्या सोमवारीही आली. दोघी काय बोलत ते मला माहीत नाही. मी खोलीत गेलो की दोघी गप्प व्हायच्या, आणि सुमन मला चहा ठेवायला पाठवायची.

सुमन गेली. माती द्यायला मी उभा राहू शकलो नाही. नव्या पाळकाने दिली.

हा नवा पाळक चांगला मुलगा आहे. तो मोबाईलच्या ग्रुपवर सोमवारी सकाळी प्रश्न टाकतो, काल काय ऐकलं? लोक अंगठे पाठवतात. मी त्याला काही म्हणत नाही. त्याच्यापुढचं काम माझ्याहून अवघड आहे. मी एका दाराशी पहारा केला; आता उपदेशक प्रत्येकाच्या खिशातच आहे, रोज नवा, आणि त्याला जेवायला बोलवता येत नाही. तरी मला वाटतं, कोणीतरी त्या घरांत जाऊन चटईवर बसावं. मीच गेलो असतो, पण मला तूर निवडता येत नाही. ते काम तिचं होतं. मी फक्त गाडी चालवायचो, हे मला फार उशिरा समजलं, आणि ती गाडी चालवायला मी आज काहीही देईन.

रत्नमाला सुमन गेल्यानंतर रविवारी येऊ लागली. दाराजवळ बसते. पहिली ओळ म्हणत नाही. दुसऱ्यांच्या मागून ओठ हलतात, तेवढंच.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारी नव्या पाळकाने प्रार्थनेवर उपदेश केला. देव ऐकतो, असा विषय होता. नीट केला, कुठेही चूक नव्हती. सवयीने मी शोधली होती. सोमवारी सकाळी मी चहा घेतला, खुंटीवरच्या छत्रीला हात लावला, तेवढ्यात दार वाजलं. रत्नमाला होती. अल्लीपूरहून पहिल्या एसटीने आली होती. सलाम केला, खाली चटईवर बसली. बाजूला सूप होतं, शेजारणीने दिलेल्या वालाच्या शेंगा त्यात कालपासून तशाच पडल्या होत्या. ते पुढे ओढून ती सोलायला लागली.

मग मान वर न करता तिने विचारलं, “काल काय ऐकलं, पाळकसाहेब?”

मला हसू आलं. मी म्हणालो, देव प्रार्थना ऐकतो, असं ऐकलं.

“अन् घरी काय आणलं?”

या प्रश्नाचं उत्तर मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आलो होतो. मला कोणी विचारलं नव्हतं. काहीतरी बरं, पाळकासारखं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते मलाच नवं होतं. मी म्हणालो, सुमनसाठी केलेली माझी प्रार्थना त्याने ऐकली नाही. दुसरा कोणी पाळक असता तर ऐकली असती. माझ्यातच कुठेतरी कमी होतं.

रत्नमालेचे हात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं.

“हे कोणी सांगितलं तुमाले?” तिने अगदी हळू विचारलं.

कोणीच सांगितलं नव्हतं. मंडप नव्हता, ब्रदर नव्हता, पांढरे कपडे नव्हते. मलाच समजलं होतं. इतके दिवस ते घरात येऊन बसलं होतं आणि मी, जिल्ह्यात खोटी शिकवण ओळखणारा माणूस, त्याच्या शेजारी बसून चहा पीत होतो.

“मले बाईनं शेवटपर्यंत तेच सांगितलं,” रत्नमाला म्हणाली. “पाय चेपताना दर सोमवारी इचारे, रत्ना, टाकलं का बाहेर? मी म्हणो, नाई जमत बाई. अजूनबी पुरतं नाई जमलं. पण हे त्याच्या घरचं नाई, येवढं मले समजते आता. तुमीबी टाका, पाळकसाहेब. मी बसते तोवर.”

मी रडलो. सुमन गेल्यापासून नीट रडलो नव्हतो. रत्नमालेने समजूत काढली नाही, पाणी आणलं नाही. ती शेंगा सोलत बसून राहिली, सुमन बसायची तशी, परतीच्या एसटीची काहीच घाई नसल्यासारखी.